बॅटरीचा घसारा

उमरग्याहून हुमनाबाद, जहिराबाद करत हैदराबादला जाणारा आपला पुणे-मछलीपट्टणम महामार्ग पुढे दिलसुखनगरमधून विजयवाड्याकडे जातो. वर मेट्रो, दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासच्या पाट्या आणि गल्ल्यागल्ल्यांत होस्टेलं. माझा धाकटा मावसभाऊ तिथंच संगणक वर्ग चालवतो. वीस संगणक आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तिथं ऑनलाइन सराव परीक्षा देतात.

गेल्या महिन्यात त्याच्याकडे गेलो, तर घरात अबोला. कारण यूपीएसच्या बॅटऱ्या! भर परीक्षेत लाइट गेली आणि चार मिनिटांत वीसही संगणक बंद. मुलांचे पैसे परत द्यावे लागले. दुकानदाराने नव्या बॅटऱ्यांचे दरपत्रक दिले होते ८८,००० रुपयांचे. घरात तेवढी रक्कम म्हणजे पुतणीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवलेलीच. "त्या पैशाला हात लावायचा नाही," असं त्याच्या बायकोनं बजावलं होतं. भाऊ म्हणाला, "दादा, तू अर्थशास्त्राचा प्राध्यापक. आता तूच सांग."

वर्गात घसारा शिकवणं सोपं असतं. कन्नडमध्ये त्याला 'सवकळी' म्हणतात. झिजणं त्या शब्दातच दिसतं. वस्तू रोज थोडी थोडी झिजते, तेव्हा तिचे पैसेही रोज थोडे थोडे बाजूला पडायला हवेत. भावाच्या वहीत भाडं होतं, वीजबिल होतं, झाडूवाल्या बाईंचा पगार होता. बॅटरीच्या नावाची ओळ मात्र नव्हती.

आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं आधी चूक दाखवली. वर्षापूर्वी आठांपैकी दोन बॅटऱ्या गेल्या, तेव्हा भावानं पैसे वाचवायला तेवढ्या दोनच नव्या घातल्या होत्या. या आठही बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. तिफणीला एक तरणा आणि एक थकलेला बैल जुंपावा तसं ते झालं. सगळा भार सगळ्यांतून सारखाच जातो, त्यामुळे थकलेल्या आधी बसतात आणि त्यांच्या संगतीनं नव्याही वेळेआधी खराब होतात. वाचवलेले पैसे असे पाण्यात गेले.

दुसरी चूक जागेची. बॅटऱ्या गच्चीवर पत्र्याखाली होत्या. कंपनी सांगते ते आयुष्य साधारण २५ अंश तापमानाचं असतं. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते जवळजवळ निम्मं होतं. हैदराबादच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होत असेल, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

मग मूळ हिशेब. दरपत्रकात १०० अँपिअर-तासांच्या आठ बॅटऱ्या होत्या, कारण आधी तेवढ्याच होत्या. तो आकडा २०१२चा. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात विजेची टंचाई होती, तासन् तास भारनियमन असे, आणि टेबलावर काचेचे जाडजूड मॉनिटर होते. आता मॉनिटर पातळ झाले आणि त्याच्या गल्लीत लाइट गेली तरी तासाच्या आत येते. टाँग टेस्टर लावून मोजलं, तर सगळा लोड २,४०० वॅटच भरला.

एका तासासाठी, यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज धरून, बॅटऱ्यांनी सुमारे २,८०० वॅट-तास द्यायला हवेत. ६५ अँपिअर-तासांच्या आठ बॅटऱ्या घेतल्या तर कागदावर ८ × १२ × ६५, म्हणजे ६,२४० होतात. पण लेबलवरचा तो आकडा वीस तासांत सावकाश वापरण्याचा. तासाभरात उपसलं की त्यातलं साधारण साठ टक्केच हाती येतं, म्हणजे ३,७००. बॅटरी थकून ८० टक्क्यांवर आली की ती बदलायची वेळ झाली, असं समजतात. तेव्हाही तीन हजारांच्या आसपास मिळतील. म्हणजे भागलं.

आता पैसे. करासह प्रत्येकी ७,२०० प्रमाणे ५७,६०० रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा त्याआधीचं दरपत्रक धरू नका.) जुन्या आठ परत दिल्याचे १९,२०० वजा. पहिल्या दुकानदाराच्या कागदावर ही ओळच नव्हती! वायर, टर्मिनल आणि मजुरी २,६००. एकूण ४१,०००. जुनी बॅटरी रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नये, हेही सांगतो. आतलं शिसं विषारी असतं. ती विक्रेत्याकडेच परत द्यावी आणि पावती घ्यावी.

बॅटऱ्या आता खाली, जिन्याजवळच्या हवेशीर खोलीत गेल्या. आयुष्य जपूनच तीन वर्षं धरलं. ४१,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला साधारण १,१४० रुपये. दर संगणकामागे ५७. पुढच्या खेपेला भाव वाढलेले असणार, म्हणून महिना १,५०० बाजूला टाकायचं ठरलं.

भाऊ गप्प बसून आकडे बघत होता. मग म्हणाला, "दादा, सत्तावन्न रुपयांसाठी मी पोरीच्या फीला हात घालत होतो." या खेपेचे ४१,००० त्यानं नेहमीच्या दुकानदाराला चार हप्त्यांत द्यायचं कबूल केलं. फीची रक्कम जागची हलली नाही. रात्री जेवताना अबोला सुटला.

वाचकहो, आपल्या गावातही पतसंस्था, झेरॉक्सची दुकानं, दवाखाने याच बॅटऱ्यांवर चालतात. 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' आणि 'अंथरूण पाहून पाय पसरावे' या दोन्ही म्हणी आपल्या घरांत रोज ऐकू येतात. पण अंथरूणही झिजतं, आणि नव्याचे पैसे जुनं फाटायच्या आत साठवावे लागतात. उद्या वहीत तेवढी एक ओळ वाढवा.