नुसते सील बदलून भागत नाही

दिंद्रुडच्या काळ्या रानात सपाटीकरणाला जुना साखळीचा डोझर अजून कामाचा आहे. पण फायनल ड्राईव्ह गळू लागला की मालक नवे सील ठोकून मोकळा होतो. हे आम्हाला पटत नाही. सीलचे घरच झिजून लंबगोल झाले असेल, तर सील टिकणार कसे? तेल बाहेर जाते, चिखल-रेती आत शिरते अन् बेअरिंग, गिअर खाऊन टाकते. घर वेल्डिंगने भरून, बोअरिंग करून मापात आणावे, नाहीतर स्लीव्ह घालावी. पावसाळ्यात यंत्र उभेच असते, तेव्हाच हे उरकावे. खर्च सीलपेक्षा जास्त येतो, खरे आहे. पण ऊस तुटून रान मोकळे झाले अन् डोझर बंद पडला, तर खोळंबतो तो शेतकरी. म्हणून भाडे ठरवण्याआधी स्प्रॉकेटपाशी तेलाचे ओघळ आहेत का, तेवढे वाकून बघा.