परसातले सफरचंद आणि आदिलाबादची थंडी

सफरचंदाचे झाड थंडी सोसते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्याला थंडी लागतेही, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. पानगळीनंतर या झाडाचे डोळे निद्रिस्त होतात आणि पारा साधारण 7 अंशांच्या खाली असलेले ठरावीक तास भरल्याशिवाय ते नीट फुटत नाहीत. सॅम्युएल स्टोक्स यांनी गेल्या शतकाच्या आरंभी हिमाचलातील कोटगड भागात रुजवलेल्या 'डिलिशस' जातींना असे हजार किंवा त्याहून अधिक तास लागतात. बर्फात तगणाऱ्या 'अंतोनोव्हका'सारख्या जुन्या रशियन जाती तर कडक हिवाळ्यासाठीच घडलेल्या. आदिलाबादच्या परसात असे कलम लावले तर ते जगेलही, पण पालवी वेळीअवेळी येईल, फुले तुरळक दिसतील आणि फळाची वाट पाहण्यात वर्षे जातील.

या जिल्ह्याची थंडी काही खोटी नाही. डिसेंबर-जानेवारीत इथल्या डोंगराळ गावांत पहाटेचा पारा कधी कधी 5 अंशांच्या आसपास उतरतो. पण दुपार तापते आणि रात्रीने कमावलेले बरेचसे वाया जाते. म्हणून इथे झाडाच्या काटकपणापेक्षा त्याच्या थोड्या थंडीत भागवण्याला महत्त्व आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे हरिमन शर्मा यांच्या परसात खाऊन टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून असे झाड उगवले. तीच 'एचआरएमएन-99' ही जात. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बियांपासून वाढलेले झाड क्वचितच मूळ झाडासारखे निघते. त्यामुळे जात जपायची तर कलमच हवे.

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले, आता कुमुरम भीम आसिफाबादमध्ये गेलेले केरामेरी मंडलातील धनोरा हे गाव या जातीमुळे नावारूपाला आले. तिथले शेतकरी केंद्रे बालाजी यांनी हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या मदतीने सफरचंद पिकवले आणि जून 2020 मध्ये पहिली फळे तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांना भेट दिली.

परसात झाड लावताना पहिली काळजी मातीची. इथली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. त्यामुळे मुरूम व शेणखत मिसळून केलेल्या उंचवट्यावर, शक्यतो हिवाळ्यातच कलम लावावे. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. सांध्याखालून फुटणारे धुमारे दिसताच काढावेत.

खरे कसब आहे ते बहार धरण्यात, आणि संत्रा-डाळिंबाच्या मुलखात ते नव्याने शिकवावे लागत नाही. डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, छाटणी करायची आणि उरलेली पाने हाताने खुडायची. इंडोनेशियातील बातू इथे, जिथे हिवाळाच नाही, तिथेही शेतकरी पाने खुडूनच सफरचंदाला फुलवतात. मग पाणी सुरू करावे. फळ जूनच्या सुमारास तयार होते, म्हणजे ते वाढते नेमके वैशाखाच्या उन्हात. पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा खोडाला चुना, बुडाशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन, नियमित पाणी आणि पश्चिमेकडून सावली हवीच. नाही तर फळांवर उन्हाचे चट्टे पडतात. पोपट आणि वटवाघळांपासून फळे वाचवायला जाळीही लागते.

फळ काश्मिरी सफरचंदासारखे लालभडक होत नाही. पिवळसर सालीवर लाली चढते. ते फार टिकतही नाही, आणि घरच्या झाडाला त्याची गरजही नाही. मात्र कापूस मोडून एकरभर सफरचंद लावण्याचा मोह आवरावा. आधी परसात दोन झाडे लावावीत, तीन-चार हिवाळे ती कशी फुलतात ते पाहावे आणि मगच जमिनीचा निर्णय घ्यावा.