झेनोफनचा कुत्रा मुधोळचा नव्हे

१/६
झेनोफनच्या ग्रंथातील ‘भारतीय’ कुत्रा म्हणजे आपला मुधोळ हाउंडच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी मूळ मजकूर एकदा तपासावा.

२/६
इ.स.पू. चौथ्या शतकातील हा ग्रीक लेखक रानडुकराच्या शिकारीसाठी भारतीय, क्रीटन, लोक्रियन आणि लॅकोनियन कुत्री सुचवतो. भारतीयांचे नाव पहिले. मात्र कुत्री सामान्य नकोत, श्वापदाशी झुंजणारी हवीत, ही त्याची अट.

३/६
शिस्त कडक. माग काढण्यास एकच लॅकोनियन कुत्री मोकळी; बाकीची बांधलेली. डुकराचा ठाव लागला की तिलाही बांधायचे, जाळी लावायची आणि मगच सारी सोडायची. तरीही या शिकारीत पुष्कळ कुत्री मरतात, हे तो लपवत नाही.

४/६
हिरोडोटसच्या मते बाबिलोनच्या इराणी सुभेदाराच्या भारतीय कुत्र्यांना पोसण्याची जबाबदारी चार मोठ्या गावांवर होती. त्याबदल्यात इतर कर माफ. कीर्ती खरी होती.

५/६
पण त्या काळच्या ग्रीक-इराणी जगाचा ‘हिंद’ म्हणजे मुख्यतः सिंधूचे खोरे. घटप्रभेकाठचे मुधोळ तिथून शेकडो कोस दूर आणि मध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे. ही दरी अभिमानाने बुजत नाही. तिला पुरावाच लागतो.

६/६
दख्खनला उसन्या वंशावळीची गरजही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. घरचा ग्रंथ न उघडता ग्रीकांच्या साक्षीवर मिरवणे हा इतिहासप्रेमाचा नव्हे, आळसाचा पुरावा होय.