वाचल्याविना सही नाही!

बेळगावच्या पेठेत हल्ली बँकांचे आणि खाजगी कंपन्यांचे प्रतिनिधी दुकानोदुकानी हिंडत आहेत. 'यंत्र फुकट आहे, इथे फक्त सही करा,' हे त्यांचे पालुपद. समोर गिऱ्हाईक खोळंबलेले, हातात तागडी आणि पुढ्यात बारीक इंग्रजी अक्षरांची पाने! आमचा दुकानदार सही ठोकून मोकळा होतो, आणि महिनाअखेर खात्यातून भाडे वळते झाले म्हणजे कपाळास हात लावतो.

कार्डाच्या यंत्रास आमचा विरोध नाही. चंदगडचे, सावंतवाडीचे, गोव्याचे गिऱ्हाईक लग्नाच्या बस्त्यासाठी आमच्या पेठेत येते. त्याच्या खिशात कार्ड आहे म्हणून त्यास परत पाठविणे हा धंदा नव्हे. परंतु यंत्र निवडावयाचे ते हिशेबाने, प्रतिनिधीच्या गोडबोलेपणाने नव्हे.

हा हिशेब कठीण नाही. दुकानदाराने प्रथम आपली स्वतःची वही उघडावी. किराणा, दूध, भाजी यांची विक्री दहा-वीस-शंभर रुपयांची. तिला यूपीआयचा क्यूआर फलक आणि पैसे जमा झाल्याची वर्दी मराठीत देणारी पेटी पुरेशी आहे. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कमिशन घेता येत नाही. इतर डेबिट कार्डांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल दर बांधून दिला: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर यंत्रावर शेकडा ४० पैसे, त्यावर असेल तर शेकडा ९० पैसे. क्रेडिट कार्डास मात्र असे बंधन नाही. तेथील दर करारनाम्यातच ठरतो. तेव्हा 'सर्व कार्डांना एकच दर' असे जो सांगेल, त्याच्यापासून चार पावले दूर राहावे.

आता भाडे पाहा. समजा, ते महिना ५०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० झाले. कार्डावरची विक्री १ लाखाची असेल, तर हा भार शेकडा ५९ पैसे पडतो. तीच विक्री १० हजारांची असेल, तर जवळजवळ शेकडा ६ रुपये! कापडवाल्यास जे यंत्र तारील, तेच किराणावाल्याचा नफा खाईल.

म्हणून सहीपूर्वी पाच प्रश्न विचारावेत. भाडे किती? ठरीव विक्री न झाल्यास दंड आहे काय? मुदतीआधी यंत्र परत केल्यास काय कापणार? पैसे खात्यात कधी येणार? आणि यंत्र बिघडले तर माणूस बेळगावातून येणार, की बेंगळूरच्या फोनवर आम्ही तासन् तास तिष्ठत राहणार? खानापूरच्या जंगलपट्टीतील दुकानदाराने आणखी एक करावे: ज्या कंपनीच्या सिमला आपल्या गावी रेंज मिळते, तेच सिम यंत्रात आहे याची खात्री करून घ्यावी.

आता मुख्य मुद्दा. हे सारे ज्या कागदावर लिहिलेले असते, तो कागद आमच्या भाषेत नसतो. बँकेची छापील पत्रके इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावीत, असा दंडक आहे. पण बेळगावात प्रादेशिक भाषा म्हणून कन्नडच धरली जाते. मराठी दुकानदाराचे पैसे चालतात, त्याची भाषा तेवढी चालत नाही! हा अन्याय निमूटपणे का सोसावा? करारातील अटी मराठीत लेखी द्या, असे प्रत्येकाने बजावावे. एकट्याचे कोणी ऐकत नसेल, तर गल्लीतील वीस दुकानदारांनी एकत्र बसून, जाणत्या तरुणाकडून करारनामा एकदा मराठीत उतरवून घ्यावा आणि दरही एकजुटीने ठरवावा. वीस दुकाने हातची जाणार म्हटल्यावर प्रतिनिधीचा सूर बदलतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमच्या संमतीवाचून आम्हांस म्हैसूर राज्यात घालण्यात आले. त्या निर्णयास सीमाभागाने आजतागायत मान्यता दिलेली नाही. मग जी जनता दिल्लीने आखलेल्या रेषेखाली सही करीत नाही, तिने न वाचलेल्या करारनाम्याखाली ती का करावी? व्यापारी बंधूंनो, यंत्र अवश्य घ्या. परंतु आपल्या भाषेत वाचून, आपल्या वहीशी ताडून आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन!