पावसाळ्यात खिडक्या बंद, धूर आत: मावळातल्या घरांना हवा एकच नियम

लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत तळेगाव, वडगाव, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत घरोघरी खिडक्या बंद असतात. एरवी अंगणात किंवा गॅलरीत सिगारेट ओढणारा माणूसही मग घरातच ती पेटवतो. ओढणारा एक, पण धूर सगळ्यांच्या वाट्याला.

धूर किती घातक?

तंबाखूच्या धुरात 7,000 हून अधिक रसायनं असतात. त्यातली किमान 69 कर्करोगाला कारणीभूत ठरतात. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्ये धूम्रपान न करणाऱ्या 91,540 विवाहित महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे पती जास्त सिगारेट ओढत, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू जास्त आढळले. या धुराने लहान मुलांचा दमा बळावतो, न्यूमोनिया आणि कानाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ 10.7 टक्के होते. घरात इतरांचा धूर सोसणारे मात्र 38.7 टक्के. म्हणजे सवय थोड्यांची, त्रास कितीतरी जास्त जणांना.

खिडकीपाशी ओढली तर?

उपयोग नाही. वाऱ्याच्या झोतासोबत धूर परत आत येतो. एक्झॉस्ट फॅन थोडा धूर बाहेर टाकतो, सगळा नाही. एअर प्युरिफायर कण अडवतो, पण बरेचसे वायू तसेच राहतात. उरलेला थर पडद्यांवर, गाद्यांवर बसतो. या धुराची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने 2006 मध्येच स्पष्ट केलं होतं.

कायदा काय सांगतो?

2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालील नियमांनुसार 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. लोणावळा स्टेशनवर सिगारेट पेटवली तर 200 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. आतला नियम घरालाच करावा लागतो.

मग करायचं काय?

नियम एकच: छपराखाली सिगारेट-बिडी नाही. गॅलरीत नाही, बाथरूममध्ये नाही, पाऊस असला तरी नाही. ओढायचीच असेल तर छत्री घेऊन दारापासून लांब. वीकेंडला बंगले भाड्याने देणाऱ्यांनीही हे बुकिंगच्या अटींत लिहावं, कारण त्याच खोलीत पुढचं कुटुंब मुलांसह उतरणार असतं.

खरी अडचण वेगळीच आहे. सासऱ्यांना किंवा पाहुण्यांना हे सांगायचं कोणी? बहुतेक घरांत ते सुनेवर किंवा मुलांवर ढकललं जातं आणि मग कुणीच बोलत नाही. हे काम घरात ज्याच्या शब्दाला मान आहे त्याचं. चपला बाहेर काढायचा नियम कुणाला अपमान वाटत नाही. धुराचाही वाटू नये. नियम माणसासाठी नाही, घरासाठी आहे, एवढं म्हटलं तरी पुरतं.

सवयच सोडायची असेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. पण घरातली हवा स्वच्छ करण्यासाठी त्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. पुढची सिगारेट बाहेर, एवढं आजच ठरवता येतं.