घरच्या घरी कोंबडे खच्ची करावे काय?

खच्ची केलेल्या कोंबड्याचे मांस मऊ राहते, अंगी चरबी धरते व त्याचा भांडखोरपणा जातो, असे ऐकून अष्टमीकडील काही सभासदांनी ही विद्या घरी शिकता येईल काय, अशी पृच्छा केली आहे. प्रश्न वावगा नाही. अंगणात दोन खुडूक कोंबड्या बसविल्या की पिलांत सुमारे निम्मे नर निघतात. ते जाणते झाले की एकमेकांचे तुरे फोडतात, तलंगांना सुखाने दाणा टिपू देत नाहीत. कोंबड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या गाठीस राहतो, म्हणून हा तोटाही तिचाच.

गुणाविषयी आमचा वाद नाही. १८४९ साली गटिंगेन येथे बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने सहा कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविले की, वृषण काढले असता तुरा, आरवणे व झुंजणे ही सारी लक्षणे मावळतात. फ्रान्सातील ब्रेस प्रांतात तर असे कोंबडे नाताळच्या मेजवानीसाठी मुद्दाम वाढवितात.

परंतु बैल बडविण्याचे काम पाहिलेल्या शेतकऱ्यास हेही तसेच वाटते, तो समज समूळ चुकीचा आहे. कोंबड्याचे वृषण बाहेर नसून पोटात, पाठीच्या कण्यास लागून, मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असतात. पिलास जवळजवळ एक दिवस उपाशी ठेवून, कुशीवर ताणून बांधून, शेवटच्या दोन फासळ्यांमध्ये चीर द्यावी लागते. फासळ्या फाकवून, आतला पडदा फाडून तो लहानसा गोळा अखंड ओढून काढावयाचा. लगतच शरीरातील मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. चिमटा जरा सरकला की पिलू हातातच मरते. गोळ्याचा कण मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, आणि मग तो प्राणी धड कोंबडा नाही, धड खच्ची नाही. जुन्या रीतीत हे सर्व भूल न देता करीत. इंग्लंडात या कामास मनाई आहे. आपल्याकडेही १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने खच्चीकरणास मुभा दिली ती विहित रीतीपुरतीच. स्वयंपाकघरातील सुरी म्हणजे ती रीत नव्हे.

बरे, एवढे करून लाभ कोणता? ब्रेसचा खच्ची कोंबडा निदान आठ महिने पोसावा लागतो. इतके दिवस कणी कोण घालणार? शिवाय नदीपलीकडील रोह्याच्या बाजारात गिऱ्हाईक गावठी कोंबडा पारखते ते लालभडक तुऱ्यावरून. खच्ची कोंबड्याचा तुरा आखडून फिका पडतो. तो पाहून माल आजारी आहे असेच कोणीही म्हणेल. नवसासाठी कोंबडा शोधणारा तर त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. मऊ मांस हवे त्याला सहा आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर स्वस्तात मिळतो. गावठीस दर मिळतो तो चवीचा.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: ही शस्त्रक्रिया घरी शिकू नये. झुंज टाळावयाची तर नर वेळीच निराळ्या खुराड्यात घालावे, त्यांस कणी, कोंडा व सुकटीचा चुरा द्यावा आणि विक्रीचा हंगाम साधावा. फाल्गुनात फुटलेली पिले आषाढी अमावास्येस, म्हणजे गटारीस, विकण्याजोगी होतात. पावसाळ्याअखेरची पिले थंडीत वालाच्या शेंगा भरल्या व पोपटीची मडकी लागू लागली की उपयोगी पडतात. मानमोडीची लस मात्र चुकवू नये; ती चुकली तर हंगाम साधूनही खुराडे रिकामेच.

इतक्यावरही ज्यास जिज्ञासा असेल, त्याने घरी कोंबडा कापला जाईल तेव्हा त्याची कूस उघडून वृषणांची जागा व लगतच्या रक्तवाहिन्या नीट पाहाव्या, आणि पुढील विचार पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन करावा.