सांभाळणारे हात

पश्चिम रेल्वेवर पालघर व बोईसर यांच्या दरम्यान उमरोळी हें स्थानक आहे. २०१३ सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावूं लागल्या. जवळच तारापूरचे कारखाने. अशा गांवीं आईबाप दोघेंही कामावर गेलीं म्हणजे तान्हें मूल आजीच्या देखरेखीखालीं व पाड्यावरून येणाऱ्या बाईच्या हातीं राहतें. मग कुरबूर सुरू होते. बाई मुलाला फडक्यानें पाठीशीं बांधून कामें उरकते. आजीला पाळणाच हवा असतो.

आमच्या मतें येथें रिवाज व अपाय यांची गल्लत होते. पाळणा कीं पाठ, अंगाई कोणत्या बोलींत, हे रिवाज होत. मुलाचें नाकतोंड मोकळें असलें म्हणजे बाईला तिच्या रीतीनें वागूं द्यावें. दोन बोली कानांवर पडल्यानें मूल बोलण्यांत मागें पडत नाहीं. अपायाच्या बाबतींत मात्र आजीच्या गुटीलाही सवलत नाहीं. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई कामावर असतां तिनें काढून ठेवलेलें दूध वाटीचमच्यानें पाजतां येतें. वर्षाच्या आंत मध तर मुळींच चाटवूं नये. त्यानें क्वचित्, पण जिवावर बेतणारी विषबाधा होते. हें डॉक्टरांकडून आजी व बाई या दोघींनीं एकत्र बसून ऐकावें, म्हणजे कोणा एकीचा पाणउतारा होत नाहीं.

ह्याच भागांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालवाडीचें काम आरंभिलें. वस्तींतलीं मुलें येईनात, तेव्हां त्यांनीं पालकांना अडाणी म्हटलें नाहीं. बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी ती हीच. १९५७ पासून कोसबाडास त्यांना दिसलें कीं, धाकटें भावंड सांभाळण्यापायीं थोरल्या मुलीची शाळा बुडते. म्हणून पाळणाघर, बालवाडी व शाळा त्यांनीं एकाच जागीं आणल्या.

आपल्या घरीं येणाऱ्या बाईचें स्वतःचें मूल त्या वेळीं कोण सांभाळतें, हें आपण विचारलें आहे काय? तिची थोरली मुलगी शाळा सोडून तें सांभाळीत असेल, तर आपल्या बाळाच्या संगोपनाची किंमत ती मुलगी देत आहे. बाईच्या पगाराचा व कामाच्या वेळांचा विचार करतांना घरच्या कर्त्या माणसांनीं हें ध्यानांत ठेवावें, एवढीच आमची विनंति.